कप्पी कोपऱ्यात का पळते?

दोस्तांनो, या आठवड्याचा प्रश्न थेट पाण्यावरून आलाय. आठवीत शिकणारी एक वाचक मैत्रीण सुट्टीत शिडाच्या होडीच्या शिबिराला गेली होती. ती लिहिते, "सर, आम्हां सगळ्यांना सारख्याच होड्या होत्या, शिडंही सारखीच. तरी वाऱ्याच्या दिशेनं वर जायचं म्हटलं की माझी होडी मागे पडायची आणि एका अंगाला कलंडायची. मी सगळा जोर लावून दोर ओढायची, हात अगदी सोलवटून निघाले. शिबिरातले दादा लांबून ओरडायचे, ट्रॅव्हलर घट्ट कर, ट्रॅव्हलर! पण होडीच्या मागच्या टोकाला आडवी बांधलेली ती एवढीशी दोरी घट्ट करून काय होणार, ते कुणीच सांगितलं नाही. मी अंगानं बारीक आहे. म्हणून मला हा खेळ जमणार नाही का?"

पत्र वाचलं आणि ठरवलं, बाकीचे प्रश्न पुढच्या आठवड्यात. आधी हा.

बारीक असण्याचा थोडा संबंध आहे, नाही असं नाही. जोराच्या वाऱ्यात होडी सरळ ठेवायला वजन लागतंच. पण तिनं जे वर्णन केलंय त्यात मला तरी अंगातल्या ताकदीपेक्षा त्या दोरीवर जास्त संशय आहे. आणि ही दोरी म्हणजे भूमितीचा असा काही नमुना आहे की बस्स! कधी होडीत बसला नसाल तरी हरकत नाही. दोन खुर्च्या, थोडा दोरा आणि एक चावीची रिंग एवढं घरात असलं की काम भागेल.

आधी होडीची ओळख करून घेऊ. तिनं पत्रात होडीचं जे चित्र काढून पाठवलंय त्यावरून ती 'इल्का' जातीची दिसते. हिचं जुनं नाव 'लेझर'. कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांनी १९६९ साली हिचा आराखडा काढला, १९७१ मध्ये ती लोकांसमोर आली आणि आजवर अशा दोन लाखांहून जास्त होड्या तयार झाल्या. एका माणसानं चालवायची होडी. लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास, नुसत्या सांगाड्याचं वजन ५९ किलोच्या जवळपास. १९९६ सालच्या अटलांटा ऑलिंपिकपासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. २०१९ पासून 'इल्का' हे नाव रूढ झालं. यातली एक मोठी सोय म्हणजे सांगाडा तोच ठेवून शीड बदलता येतं. मोठ्या माणसांना ७ चौरस मीटरचं, मधल्यांना पावणेसहाचं आणि तुमच्यासारख्यांना ४.७ चौरस मीटरचं. त्यावरून होडीला इल्का ७, इल्का ६ आणि इल्का ४ म्हणतात. म्हणजे बघा, बारीक मुलांचा विचार आराखड्यातच झालाय.

उभी असते ती डोलकाठी. शीड तिच्यावर कसं चढवतात? उशीला अभ्रा घालतो ना, अगदी तसं! शिडाच्या कडेला लांबलचक खोळ शिवलेली असते, ती डोलकाठीवर वरून घालायची. शिडाच्या खालच्या अंगाला आडवी काठी असते, तिला बूम म्हणतात. बूमचं पुढचं टोक डोलकाठीला बिजागरीसारखं अडकवलेलं असतं, मागचं टोक मोकळं. दार जसं बिजागरीभोवती फिरतं तशी बूम डोलकाठीभोवती डावी-उजवीकडे फिरते. फरक एवढाच, की दार वरखाली होत नाही. बूम होते.

या बूमला आवरायला जो दोर असतो त्याला मेनशीट म्हणतात. शीट म्हटलं की आपल्याला चादर नाहीतर कागद आठवतो. होडीवाल्यांच्या भाषेत मात्र शीट म्हणजे शिडाला ओढून धरायचा दोर. का, ते विचारू नका! आपणही जिच्यात पेन्सिली भरतो तिला कंपासच म्हणतो की.

आता खरी गोष्ट सुरू होते. मेनशीट ओढली की एका वेळी दोन कामं होतात. बूम आत येते, म्हणजे होडीच्या मधल्या रेषेकडे सरकते. आणि बूम खाली दाबली जाते. आत आणि खाली. ही दोन कामं वेगळी आहेत हे ज्याला कळलं त्याला ट्रॅव्हलर कळला.

करून बघा. उभे राहा आणि उजवा हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताठ पसरा. हात म्हणजे बूम, खांदा म्हणजे बिजागरी. मनगटाला एक ओढणी किंवा मोठा रुमाल बांधा. आता मित्राला तुमच्या उजव्या पायाजवळ जमिनीवर बसवा आणि तिथून ओढणी ओढायला सांगा. हात खाली तर येईलच, पण तुमच्याकडे आतही खेचला जाईल. कोपर वाकायला बघेल. मग मित्राला उठवून बरोबर मनगटाच्या खाली बसवा आणि पुन्हा ओढायला सांगा. आता? हात नुसता खाली! आत अजिबात नाही. ओढण्याचा जोर तोच, ओढणी तीच, हातही तोच. फक्त मित्र सरकला.

हा सरकणारा मित्र म्हणजे ट्रॅव्हलर.

आकडे हवे असतील तर घ्या. समजा बूमचं टोक दोराच्या खालच्या टोकापासून ८० सेंटीमीटर उंच आहे आणि आडव्या अंतरानं ६० सेंटीमीटर बाहेर. मग दोर तिरका, १०० सेंटीमीटर लांब. पायथागोरसचा नेहमीचा त्रिकोण. तुम्ही १० किलोचा जोर लावलात, तर त्यातला ८ किलो बूमला खाली दाबतो आणि ६ किलो आत खेचतो. (८ आणि ६ ची बेरीज १४ होते, १० नाही, म्हणून गोंधळू नका. दिशा वेगळ्या असल्या की साधी बेरीज चालत नाही, वर्गांची करावी लागते.) दोराचं खालचं टोक बूमच्या बरोबर खाली नेलं तर सगळेच्या सगळे १० किलो खाली दाबायला मिळतात.

पण बूम खाली दाबायची कशासाठी? आत-बाहेरचं समजतं, वाऱ्याशी शिडाचा कोन जमवायचा असतो. खाली कशाला?

शिडाच्या मागच्या कडेकडे बघा. बूम खाली ओढलेली असेल तर ही कड ताणलेली राहते आणि शीड वरपासून खालपर्यंत साधारण एकाच दिशेला तोंड करून उभं राहतं. बूम वर उचलली गेली तर कड सैल पडते. मग शिडाचा खालचा भाग एका दिशेला आणि वरचा भाग बाहेर उघडलेला, असा त्याला पीळ पडतो. वरच्या उघड्या भागातून वारा नुसताच निसटून जातो. हलक्या वाऱ्यात थोडा पीळ चांगला असतो, पण मध्यम वाऱ्यात वर चढायचं असेल तर मागची कड ताणलेली हवी. शिवाय इल्काची डोलकाठी दोरांनी कुठेही बांधून धरलेली नसते, नुसती खाचेत उभी असते. बूम जोरात खाली ओढली की डोलकाठी धनुष्यासारखी मागे वाकते आणि पोटाशी फुगलेलं शीड सपाट होतं. जोराच्या वाऱ्यात सपाट शीड आवरायला सोपं. म्हणजे बारीक अंगाच्या मुलीला तर हे खाली ओढणं जास्तच गरजेचं!

इथेच पेच आहे. वाऱ्याच्या दिशेनं वर चढायचं म्हणजे नाक सरळ वाऱ्यात घालता येत नाही. साधारण ४५ अंशांच्या कोनात एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, असं घाटाच्या रस्त्यासारखं नागमोडी जावं लागतं. त्या वेळी बूम खूप खाली दाबलेली हवी, पण अगदी मधोमध आलेली नको. ती मधोमध आली की वाऱ्याच्या जोरातला बराच भाग होडीला पुढे न्यायच्या ऐवजी आडवी पाडायच्या कामी लागतो. होडी कलते आणि बाजूला घसरते. बूमचं टोक साधारण होडीच्या मागच्या कोपऱ्याच्या वर राहिलं तर बरं. मेनशीट मधोमध एका जागी पक्की बांधलेली असेल, तर खाली ओढता ओढता बूम आत येणारच. 'खाली हवी पण आत नको' हे जमवायचं, तर दोराचं खालचं टोक सरकतं हवं.

इल्कामध्ये यासाठी काय केलंय बघा. होडीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांजवळ एकेक कडी असते. त्या दोन कड्यांमधून एक दोरी आडवी जाते. या दोरीवर एक छोटी कप्पी धावते आणि तिला जोडलेल्या वरच्या कप्पीतून मेनशीट ओवलेली असते. बस्स, हाच ट्रॅव्हलर. यंत्र नाही की चाक नाही, नुसती दोरी.

मग ही कप्पी कोपऱ्यात कोण ढकलतं? कुणीच नाही. वारा! वारा शीड बाहेर ढकलतो, शीड बूमला, बूम दोराला आणि दोर कप्पीला. वारा डावीकडून आला की कप्पी उजव्या कोपऱ्यात, उजवीकडून आला की डाव्या कोपऱ्यात. तुम्ही होडी वळवली की तीही आपोआप आपली बाजू बदलते.

पण एक अट आहे. दोरी घट्ट हवी. किती घट्ट? इथे आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर दडलंय.

घरी कपडे वाळत घालायची दोरी बघितली असेल. ती सैल असेल तर काय होतं? एका टोकाला हँगर अडकवलं तरी ते घसरत घसरत मध्ये येतं. आईनं दहा हँगर नीट लांब लांब लावावेत आणि दहाही मध्ये गोळा व्हावेत! दोरी ताणून बांधली की हँगर लावलं तिथेच राहतं. हेच चित्र उलटं करा. होडीवर कप्पी खाली लोंबत नाही, मेनशीट तिला वर उचलते. दोरी सैल असली की ती तंबूसारखी वर उचलली जाते आणि कप्पी त्या तंबूच्या शेंड्याकडे, म्हणजे मध्ये, जाऊन बसते. कोपऱ्यात जायचं म्हणजे तिला उतारावरून खाली यावं लागेल आणि मेनशीट तर वर ओढतेय. जाणार कशी?

तुम्ही म्हणाल, एवढी सैल कोण ठेवेल? आता गंमत बघा. दोन खुर्च्या घ्या, त्यांच्या पाठी १ मीटर अंतरावर समोरासमोर ठेवा. १०२ सेंटीमीटरचा दोरा रिंगेतून ओवून दोन्ही पाठींना सारख्या उंचीवर बांधा. (गाठींसाठी दोरा जास्तीचा घ्या, मधला भाग १०२ यायला हवा.) म्हणजे ढिलाई किती? फक्त २ सेंटीमीटर. बोटाच्या दोन पेरांएवढीही नाही. आता रिंग मध्यभागी धरून वर उचला. किती उचलली गेली, मोजा.

मोजायच्या आधी हिशेबच करू. रिंग मध्ये असताना दोऱ्याचा प्रत्येक अर्धा भाग ५१ सेंटीमीटर. खाली अर्धं अंतर ५०. मग उंचीचा वर्ग म्हणजे ५१ चा वर्ग वजा ५० चा वर्ग. २६०१ वजा २५००, म्हणजे १०१. वर्गमूळ १० पेक्षा किंचित जास्त. दोन सेंटीमीटरच्या ढिलाईनं रिंग दहा सेंटीमीटर वर! ढिलाई दहा सेंटीमीटर केली तर? ५५ चा वर्ग वजा ५० चा वर्ग, ५२५. वर्गमूळ २३ च्या जवळ. म्हणजे पहिल्या दोन सेंटीमीटरनीच सगळ्यात जास्त घोटाळा केला. होडीवरच्या कड्या नेमक्या १ मीटर अंतरावर असतात असं मी म्हणत नाही, पण हिशेब त्याच चालीनं चालतो.

आणखी एक. रिंगेत पेन्सिल घालून, दोरा ताणलेला ठेवून ती या खुर्चीपासून त्या खुर्चीपर्यंत फिरवली तर कुठली आकृती निघेल? दोन खिळे आणि दोरा घेऊन काढतो तीच, लंबवर्तुळाचा अर्धा भाग. ट्रॅव्हलरवरची कप्पी याच रस्त्यानं पळते. दोरी सैल, तर रस्ता टेकडीसारखा. दोरी घट्ट, तर रस्ता जवळजवळ सपाट, आणि सपाट रस्त्यावर कप्पी थोड्याशा धक्क्यानंही कोपऱ्यात पोचते.

म्हणजे आपली मैत्रीण हात सोलवटेपर्यंत दोर ओढत होती, तेव्हा बहुतेक तिची बूम खाली जाण्याऐवजी आत येत होती आणि ट्रॅव्हलरची दोरी वर उचलली जात होती. ती जितकी ओढेल तितकी होडी कलंडत होती. जोर कमी पडला नव्हता. जोर भलत्या दिशेला जात होता.

आता बांधायचं कसं ते बघू. हे नीट वाचा, कारण शिबिरात घाईघाईत दाखवतात आणि मग कुणाच्या लक्षात राहत नाही.

दोरी साधारण ५-६ मिलिमीटर जाडीची आणि न ताणली जाणारी हवी. बाजारातली साधी नायलॉनची दोरी इथे कामाची नाही. ती ताण पडला की लांबते आणि वरचा सगळा हिशेब पाण्यात जातो. दोरीच्या एका टोकाला बोलाइन गाठ मारून छोटा फासा करायचा. स्काउट-गाइडमध्ये असाल तर ही गाठ येतच असेल. सरफासासारखी ती आवळत जात नाही, फासा केला तेवढाच राहतो, आणि कितीही ताण पडला तरी नंतर सुटते. मग दोरीचं दुसरं टोक डाव्या कडीतून न्यायचं, कप्पीतून ओवायचं, उजव्या कडीतून परत आणायचं आणि पहिल्या टोकाच्या फाशातून बाहेर काढायचं. असा एक बंद त्रिकोणी वेढा तयार झाला. उरलेलं मोकळं टोक पुढे मधोमध असलेल्या क्लीटमध्ये अडकवायचं. क्लीट म्हणजे आत दात असलेली खाच. दोरी एका बाजूनं ओढली तर सरकते, उलट ओढली तर दातांत रुतून बसते. या होडीच्या नियमांतही वेढा साधा, बंद असावा आणि मोकळं टोक क्लीटमधून जावं, असंच सांगितलंय. डोकं चालवून भलतीच करामत केली तर शर्यतीत चालत नाही!

क्रम महत्त्वाचा. सुकाणूचा आडवा दांडा, म्हणजे टिलर, या दोरीच्या खालून जातो. म्हणून आधी दोरी सैल ठेवा, टिलर तिच्याखालून घालून सुकाणूत पक्का बसवा आणि मगच दोरी आवळा. उलटं केलंत तर टिलर आत जाणार नाही आणि सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून.

आवळताना नुसतं मागून पुढे खेचू नका, जोर पुरत नाही. एका हातानं टोक क्लीटमध्ये धरून ठेवा आणि दुसऱ्या हातानं क्लीट आणि फासा यांच्यामधली दोरी आडवी बाजूला खेचा. थोडी ढील मोकळी होईल. ती लगेच क्लीटमधून पुढे ओढून घ्या. असं तीन-चार वेळा. ताणलेली दोरी आडवी खेचली की लहानशा जोरानं फार मोठा ताण मिळतो. का, ते खुर्च्यांच्या हिशेबातच आहे. थोडं उलटं वाचलं की झालं. दोन सेंटीमीटरच्या ढिलाईनं दहा सेंटीमीटर हालचाल होत असेल, तर दहा सेंटीमीटर आडवं खेचून दोनच सेंटीमीटर दोरी मिळणार, पण पाचपटीच्या जोरानं नाही का! बारीक हातांसाठी ही युक्ती फार चांगली. पुरेशी घट्ट झाली का, ते कसं ओळखायचं? मेनशीट पूर्ण आत ओढून बघा. कप्पी टिलरच्या थोडी वर राहून एका बाजूला सरकत असेल तर ठीक. मधोमध तंबू दिसला तर पुन्हा आवळा.

पाण्यावर असताना ती सैल झाली असं वाटलं तर आधी मेनशीट सोडा, मग ट्रॅव्हलर आवळा. मेनशीटनं ओढून धरलेल्या दोरीशी कुस्ती खेळण्यात अर्थ नाही. अगदी हलक्या वाऱ्यात काही जण ट्रॅव्हलर मुद्दाम जरा सैल ठेवतात, कारण तेव्हा बूम थोडी आत आलेली चालते. पण नव्यानं शिकणाऱ्यानं त्या फंदात पडू नये असं माझं मत आहे. आधी घट्ट दोरीची सवय होऊ द्या.

घट्ट दोरीचा एक त्रास मात्र होतो, तो लपवून कशाला ठेवू? ती टिलरवर घासते. होडी वळवताना कप्पीला टिलरवरून पलीकडे जायचं असतं आणि वारा मंद असला की ती तिथेच अडून बसते, दारात आडव्या बसलेल्या मांजरासारखी. होडी वळली, तुम्ही बाजू बदलून बसलात, पण कप्पी जुन्याच बाजूला! मेनशीटला एक हलका झटका दिला की जाते. टिलर जितका चपटा आणि खाली टेकलेला, तितका हा त्रास कमी. म्हणूनच शर्यतवाले बारीक, चपटे टिलर वापरतात आणि दोरी घासते त्या जागी गुळगुळीत पट्टी लावतात.

दुसरा त्रास जास्त गंभीर आहे. वारा पाठीमागून येत असताना होडी वळवली की बूम एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सपकन जाते. त्या वेळी मेनशीट सैल असते. तिचा लोंबता फास होडीच्या मागच्या कोपऱ्याला अडकतो, बूम अर्ध्यातच थांबते आणि होडी बघता बघता पालथी. इल्का चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं हा अनुभव घेतलेला असतो. उपाय साधा आहे. बूम मधून जात असतानाच मेनशीटचा एक हात ओढून घ्यायचा, म्हणजे लोंबतं काही उरत नाही. आणि डोकं खाली! बूम डोक्याला लागली तर टेंगूळ नाही, त्याहून वाईट होऊ शकतं. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय तर किनाऱ्यावरच्या होडीतसुद्धा बसू नका. मेनशीट कुठेही गाठ मारून बांधून टाकायची नाही, वाऱ्याचा झोत आला की ती क्षणात सोडता आली पाहिजे. तिचं सैल टोक पायात गुंतलेलं नाही ना, हेही बघत जा.

सगळ्याच होड्यांना ट्रॅव्हलर असतो का? नाही. अगदी लहान मुलं ज्या ऑप्टिमिस्ट होडीत शिकतात तिच्यात मेनशीट होडीच्या तळाशी मधोमधच बांधलेली असते. उलट मोठ्या होड्यांवर दोरीऐवजी धातूची आडवी पट्टी असते आणि तिच्यावर चाकांची छोटी गाडी धावते. रुळावरची ट्रॉलीच समजा. तिला दोन्ही बाजूंना दोऱ्या असतात, त्यामुळे वाऱ्यानं नेलं तिथे न जाता ती आपल्याला हवी तिथे थांबवता येते. हलक्या वाऱ्यात गाडी वाऱ्याच्या बाजूला ओढून घ्यायची, मेनशीट सैल ठेवायची, म्हणजे बूम मध्यावर राहते आणि शिडाला हवा तेवढा पीळ मिळतो. वाऱ्याचा झोत आला की मेनशीटला हात न लावता नुसती गाडी दुसऱ्या बाजूला सोडायची. बूम बाहेर जाते, पण वर उचलली जात नाही. शिडाचा आकार तोच, फक्त कोन बदलला. इल्कामध्ये ही चैन नाही. तिथे झोत आला की मेनशीटच सोडावी लागते आणि बूम वर उचलली जाऊ नये म्हणून डोलकाठीच्या बुडाशी व्हँग नावाचा वेगळा दोर बूमला खाली धरून ठेवतो. बूम फार बाहेर गेल्यावर, म्हणजे वारा बाजूनं किंवा मागून घेताना, ट्रॅव्हलरचा उपयोग संपतो आणि सगळी भिस्त व्हँगवर येते.

हा खेळ आपल्याकडे नवा नाही. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या होत्या आणि फारूख तारापोर व झरीर करंजिया या जोडीनं 'फायरबॉल' जातीच्या होडीत सुवर्णपदक मिळवलं होतं. पण समुद्रकाठी जन्मलं तरच हे जमतं असंही नाही. नेहा ठाकूर ही मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली मुलगी. देवासला कुठला आलाय समुद्र! ती भोपाळच्या मोठ्या तलावावर, नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये शिकली. २०२३ साली चीनमध्ये हांगचौला झालेल्या एशियाडमध्ये मुलींच्या इल्का ४ प्रकारात तिनं रौप्यपदक मिळवलं, तेव्हा ती १७ वर्षांची होती. तीच होडी, तेच ४.७ चौरस मीटरचं शीड आणि मागे तीच आडवी दोरी. त्याच स्पर्धेत इल्का ७ मध्ये विष्णू सर्वानननं कांस्यपदक घेतलं.

आता तुमच्यासाठी काम. कड्यांमधलं अंतर ८० सेंटीमीटर आहे आणि दोरी ८२ सेंटीमीटर. कप्पी मध्यावर असताना किती वर उचलली जाईल? वर्गमूळ पूर्ण येतं, कॅल्क्युलेटर काढू नका. आणि ज्यांना आणखी डोकं खाजवायचंय त्यांनी हे सांगा. तीच कप्पी मध्यावरून एका कडीच्या बरोबर वर नेली, तर ती किती उंचीवर असेल? मध्यापेक्षा जास्त की कमी? आधी अंदाज लिहा, मग खुर्च्या मांडून दोऱ्यानं मोजा आणि मोजलेला आकडाच पाठवा.